वरून दिसलेली समुद्रगाय

एकाहत्तर वर्षांच्या इसायासारखा भालाईत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेसच्या बेटांवर दुसरा नव्हता. समुद्रगाय श्वास घ्यायला वर आली, की नुसत्या फुसकाऱ्यावरून तो ओळखायचा, नर आहे, मादी आहे की गाभण. गाभणीवर त्याने जन्मात भाला उचलला नव्हता.

बायको रोनाला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता रिवाजाप्रमाणे तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढून तो उघडायचा होता, आणि त्या जेवणाला समुद्रगायीचं मटण हवंच. इसाया चार दिवस समुद्रावर गेला आणि चारही दिवस हात हलवत परत आला. मोतीबिंदूने पाणी नि आभाळ एक झालं होतं.

बहिणीचा मुलगा जोथम म्हणाला, "मामा, माझा ड्रोन उडवू. दहा मिनिटांत सापडेल."

गोष्ट बेटाच्या सभेत गेली. इसाया उभा राहिला. "वरून बघायला लागलात तर त्या मुक्या जिवाने लपायचं कुठे? याला शिकार म्हणत नाहीत."

"आणि होडीला पहिली मोटर कोणी लावली, मामा?" जोथम म्हणाला. "थर्सडे बेटावरून तूच आणलीस ना? आजोबा मरेपर्यंत त्या होडीत बसले नाहीत."

लोक हसले. बहीण तामार हळूच म्हणाली, "दादा, रोनाचं जेवण आहे. हट्ट पुरे कर."

इसाया खाली बसला. बाप तेव्हा हेच बोलला होता, आणि तेव्हा इसायाही असाच हसला होता.

दुसऱ्या दिवशी भाला घेऊन तो होडीच्या टोकाला उभा राहिला. मोटर चालू, वर ड्रोनची घरघर. फुसकारा काही ऐकू येईना. मागे जोथम पडद्यावर बघून सांगत होता. "डावीकडे, मामा. अजून थोडं. आता." इसायाने भाल्यासकट उडी घेतली. भाला बरोबर बसला.

किनाऱ्यावर तामारने पोट चिरलं आणि तिचा हात थांबला. आत पूर्ण दिवसांचं पिल्लू होतं.

"वरून कळलं नाही, मामा," जोथम म्हणाला.

"मला कळायचं," इसाया म्हणाला.

शनिवारी दगड उघडला. रोनाच्या जेवणाला नाही म्हणता येत नव्हतं. त्याने खाल्लं. चव नेहमीसारखीच चांगली होती, आणि तेच त्याला सोसवेना. पलीकडे चार तरणे गडी जोथमला विचारत होते, ड्रोन मागवायचा कुठून.