मुळासकट

हिमालयातल्या एका उतारावर, वितळत्या बर्फाच्या कडेला, नखाएवढं निळं फूल दिसलं. ओळख पटवायची तर मूळ पाहावं लागतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. हात सवयीने पुढे गेला, रोप मुळासकट निघालं आणि वर्तमानपत्राच्या घडीत गेलं. आधी आजूबाजूला आणखी रोपं आहेत का ते बघायचं, हे मीच वर्गात बजावते.

मग रांगत रांगत शोधलं. दुसरं कुठेच नाही. नाव कळण्याची एवढी कसली घाई असते आपल्याला?

मेंढ्या घेऊन एक बाई आली. घडी उघडून मी तिला विचारलं, “असं आणखी कुठे पाहिलंत?”

“नाही हो दीदी. इथे एकच होतं. मेंढ्यांना रोज त्याच्यापासून लांब हाकलायचे मी.”

घडीतल्या रोपाच्या पानाआड एक कळी होती.