ढिगाकडे पाठ करून

काका गेल्याचा त्यांच्या लेकीचा, मंदाचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात टीव्हीवरच्या मुलाखतीची तयारी करत होतो. शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीचा मी वित्तप्रमुख. घरी किराण्याची यादी हरवणारा माणूस, पण ते असो. मुलाखत पुढे ढकलली अन् गावी, रिठदला निघालो. दीड महिना झाला त्याला...

काकांचा भाजीचा मळा. बाजारात त्यांच्या वांग्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू झाला, की ते भाजीचं रिकामं प्लास्टिकचं कॅरेट उलटं टाकून त्यावर ढिगाकडे पाठ करून बसत. "मालाकडं पाह्यलं का, तोंडातून भाव निघते. आपला माल आपणच कायले वाखाणाव? घेणाऱ्याले डोळे हायेत." लहानपणी मला त्यांची लाज वाटे.

मी मात्र गेल्या वर्षी टाय सारखा करत टीव्हीवर ठणकावलं, "आमचा शेअर फार स्वस्तात मिळतोय." ते ऐकून काकांनी विहिरीवरच्या नव्या पंपासाठी ठेवलेल्या पैशांतून गुपचूप आमचे शेअर घेतले. भाव घसरला, तेव्हा त्यांचा फोन आला.

"ठेवू का इकू?"

"काका, कंपनीतल्या माणसाला नातेवाइकांना असं सांगता येत नाही. नियम आहे."

"साऱ्या दुनियेले सांगतं, अन् मले काहून नाही सांगून राह्यला?"

मी पुन्हा नियमच सांगितला. आजही स्वतःशी वाद घालतो. शेअर मला खरंच स्वस्त वाटत होता, मग बोललो ते चूक कसं? अन् गप्प बसलो असतो, तर काही लपवतोय असं लोक म्हणाले नसते का? काकांनी शेअर विकले नाहीत. जुनाच पंप ठोकून ठोकून चालवला. मंदाला म्हणाले होते, "पोट्टं खोटं नाही बोललं. ढिगाकडे तोंड करून बसलं, बस."

तेरवीनंतर मंदा वांगी घेऊन बाजारात निघाली, मीही गेलो. तिनं काकांचं कॅरेट उलटं टाकलं. "बसा दादा." बसलो. मागे अडत्या भाव पुकारू लागला. भाव फारच खाली लागला अन् माझी मान वळली, "अहो, सकाळीच तोडलेली वांगी आहेत ही..."

"दादा, तोंड तिकडं!" मंदा ओरडली.

परवा ती राहिलेली मुलाखत आहे. शेअरच्या भावाबद्दल विचारणारच. काकांचं कॅरेट मी मंदाकडून मागून पुण्याला आणलंय, टेबलाशी ठेवलंय. दोनदा बसून पाहिलं... पण त्यावर बसून कॅमेऱ्याकडे तोंड कसं करायचं, ते काही केल्या कळत नाही.