उभ्याने काढलेलं लहानपण

आमच्या फोटो क्लबात एक रीत आहे. ज्याचे फोटो असतील त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. या रविवारी सबनीसकाका तसे बसले होते. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतलेले काका पहिल्यांदाच फोटो दाखवत होते. विषय होता लहानपण. गल्लीतल्या गोट्या, लगोरी, ओट्याखाली सोडलेल्या चपला. यातला एखादा फोटो प्रदर्शनात लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

सगळे "छान, छान" म्हणाले. मीही 'नाइस' म्हणून सुटले असते. शाळेपासूनची सवय आहे. पण मला प्रत्येक फोटोत मुलांचे फक्त भांग दिसत होते.

लहानपणी आपण जग खालून पाहतो. टेबलाची खालची बाजू, मोठ्यांच्या हनुवट्या, गोटीशेजारून चाललेली मुंगी. मोठेपणी आठवणीसुद्धा आपण उभ्यानेच पाहत असू.

"काका, उजेड छान पकडलाय," मी म्हटलं. "पण सगळे फोटो उभ्याने काढलेत. गोट्यांचा फोटो जमिनीवर बसून काढलात तर मुलांचे चेहरे दिसतील."

"अगं, पहिल्यांदाच आणलेत त्यांनी," शेजारची नीता पुटपुटली.

काकांनी गोट्यांचा फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. आता त्यांची बोलायची पाळी होती.

"बसेन की," ते म्हणाले. "पण या गुडघ्यांना उठवणार कोण?"

"मी येते," माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोरं पाचला खेळायला येतात. वेळेवर ये."