फोटो नसलेल्यांचे फोटो

पेठ नाक्यावर, जिथे सुरगाण्याकडे जाणाऱ्या जीपा एका अंगाला कलेपर्यंत माणसं भरत उभ्या असतात, तिथे 'नवसाई आर्ट्स' नावाचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं : 'नंबरप्लेट, दुकानाच्या पाट्या व मयत व्यक्तींचे हुबेहूब फोटो हाताने काढून मिळतील.' यातला 'हुबेहूब' हा शब्द मालक पुंजाराम याने सर्वांत मोठ्या अक्षरांत रंगवला होता, आणि दुकानातली सगळी भांडणंही त्याच शब्दावरून होत.

पुंजाराम मखमलाबादच्या मळेवाल्यांच्या घरातला. सगळं घर झेंडू-शेवंती तोडण्यात गुंतलेलं आणि हा विहिरीच्या भिंतीवर कोळशाने माणसं काढत बसलेला. बापाने दोनदा झोडपलं, तिसऱ्यांदा बापच दमला. पुढे पाट्या रंगवता रंगवता तो मेलेल्यांच्या चित्रांकडे वळला, कारण पाटीवाले आज सांगून उद्या फिरतात, मेलेला माणूस मात्र कायमचा मेलेला असतो.

गिऱ्हाईक बहुतेक डोंगराकडचं. कुणी लग्नाच्या फोटोतला शेवटच्या रांगेतला अर्धा चेहरा घेऊन येई, कुणी रेशनकार्ड घेऊन येई आणि त्यावर नुसतं नाव असे. मग मतदार ओळखपत्रं आली आणि पुंजारामचे दिवस पालटले. गावोगावी कॅमेरा फिरला, ज्यांनी जन्मात कॅमेरा पाहिला नव्हता त्यांचेही फोटो निघाले. त्या फोटोंत झाडून सगळी माणसं चोरी करताना सापडल्यासारखी दिसत. पुंजारामने चेहऱ्यावरची ती भीती पुसायची, टोपी सरळ करायची आणि अंगात कोट चढवायचा. कोट पहिल्यापासून सगळ्यांना एकच. पंचवीस वर्षांत त्या एका कोटात अर्धा पेठ तालुका स्वर्गात गेला.

ज्यांचा कुठलाच फोटो नसे त्यांचं चित्र तो सांगण्यावरून काढी. त्याचा शिरस्ता कडक होता. नातेवाइकांनी बाहेर बाकावर बसायचं. विचारेल तेवढंच सांगायचं : नाक सरळ की बसकं, मिशी होती की नव्हती, डोकं दाराला लागायचं का. आत यायचं नाही, डोकावायचं नाही. भिंतीवर सूचनाच होती, 'चित्रकारास सल्ला देऊ नये.' चित्र पुरं झालं की तो ते वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर आणी. मंडळी कागद सोडत, बराच वेळ बघत, आणि म्हणत, "छान हाय. फक्त नाक जरा..."

हे 'फक्त' पुंजारामच्या जिव्हारी लागे. ते घेऊन तो घरी जाई आणि जेवताना कुणाशी बोलत नसे. जेवण तरी कुठलं धड? मुलगी भाग्यश्री रोज डबा आणून द्यायची आणि तो चार वाजेपर्यंत तसाच पडलेला असायचा.

घरात भिंतीवर एक रिकामा खिळा होता. तो आईचा. नवसाबाई गेली तेव्हा पुंजाराम चार वर्षांचा होता. फोटो नाही, ओळखपत्राचं तर नावच नको. दुकानाला तिचं नाव दिलं, पण चित्र काढलं नाही. थोरली बहीण कुसाबाई तेव्हा दहा वर्षांची होती. आता ती पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची आणि दर पितृपक्षात न चुकता भावाला सुनवायची, "सगळ्या मुलखाचे मेले रंगवतो तू. आपल्या आयेनं काय घोडं मारलं तुझं?"

"वेळ कुठंय आक्का," तो म्हणे.

वेळ होता. पण आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता, आणि तो चेहरा ठाऊक असलेली जगात आता एकच बाई उरली होती, ती ही. तिने चित्र बघून 'छान हाय, फक्त...' म्हटलं तर? परक्यांचं 'फक्त' तो गिळत आला होता, हे गिळता आलं नसतं. त्यापेक्षा खिळा रिकामा बरा, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

दोन हजार एक साली भाग्यश्रीने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हट्टाने दुकानात एक कॉम्प्युटर आणून बसवला. पुंजाराम त्याला 'टीव्ही' म्हणायचा. ती जेवायला गेली की त्यावर टॉवेल टाकून ठेवायचा. पोरीने माऊस फिरवून एका म्हाताऱ्याच्या गालावरचा डाग एका मिनिटात काढला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हाताने काढायला मला अख्खी दुपार लागते," तो म्हणाला.

"मग आता दुपारी जेवा," भाग्यश्री म्हणाली.

आणि अशात एके दिवशी सकाळी सुरगाण्याकडची एक जीप नाक्यावर न थांबता थेट दुकानासमोर थांबली. तिच्यातून एकामागून एक चौदा माणसं उतरली. सर्वांत पुढे मंगलाबाई. तिच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेली फ्रेम होती. तिने ती टेबलावर ठेवली, घोंगडी बाजूला केली. पुंजारामने आपलं काम ओळखलं. पाच वर्षांपूर्वीचं, कोटासकट. वर प्लॅस्टिकच्या फुलांचा हार.

"ह्यो आमचा मानूस नाय," मंगलाबाई म्हणाली. "ह्यो मंगळू झाला. आमचा मानूस द्या."

झालं होतं असं. मंगलाबाईचा नवरा बहिरू मेला तेव्हा त्याचा एकही फोटो नव्हता. गावात ओळखपत्राचा कॅमेरा आला त्या दिवशी तो पिंपळगावला द्राक्षं तोडायला गेला होता. मग धाकटा भाऊ मंगळू एकाच साच्यातला म्हणून त्यालाच समोर बसवून पुंजारामने चित्र काढलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर हुबेहूब आलं होतं. फक्त मंगळूचं. वर्षश्राद्धाला लोक आले, हार घातलेला फोटो बघितला, आणि मागे वळून बघतात तर तोच माणूस भात वाढतोय. एक म्हातारी जागच्या जागी मटकन बसली. दुसरीने मंगळूलाच हात जोडले. तेव्हापासून मंगळू त्या भिंतीकडे तोंड करून जेवला नव्हता.

"मी अजून जिता हाय ना," तो आता काकुळतीने म्हणाला. "रोज सकाळी वहिनी माझ्या फोटोला उदबत्ती लावती. अंगावर काटा येतो."

पंधरा दिवसांवर बहिरूच्या मुलाचं, दिनेशचं, लग्न होतं. मांडवात बाप हवा होता, आणि काका जिवंत हवा होता.

पुंजाराम सवयीने म्हणाला, "बाहेर बाकावर बसा." पण बाक तिघांचा आणि माणसं चौदा. शिवाय भाग्यश्रीने कॉम्प्युटरवरचा टॉवेल केव्हाच काढला होता. शेजारच्या फोटो स्टुडिओतून ती डिजिटल कॅमेरा मागून घेऊन आली आणि विचारलं, "त्यांचं नाक कुणावर गेलंय? कान कुणाचे?"

एवढा सल्ला एका दमात त्या दुकानाने कधी ऐकला नव्हता. नाक मंगळूचंच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कान दिनेशचे. डोळे लेकीचे, सविताचे. कपाळावरून मात्र जुंपली. बहिरूची बहीण अंबूबाई म्हणाली, कपाळ माझं. मंगलाबाई म्हणाली, तुझं कपाळ एवढं मोठं कधी होतं? शेवटी फूटपट्टीने मोजलं. भाग्यश्री एकेकाला उभं करून फोटो काढत होती, आणि ज्याचं काहीच घेतलं नाही तो मेहुणा रुसून जीपमध्ये जाऊन बसला. पुंजाराम कोपऱ्यात ब्रश धरून उभा होता. आपल्याच दुकानात त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती.

पडद्यावर बहिरू गोळा होऊ लागला. नाक बसलं, कान बसले. उरलेली तेरा माणसं पडद्यावर वाकून बघत होती. कपाळ बसतंय तोच वीज गेली. लोडशेडिंगची वेळ सगळेच विसरले होते.

"गेला!" मंगलाबाईने हंबरडा फोडला. "परत गेला!"

तिच्या मागोमाग अंबूबाईने सूर लावला, मग सविताने. नाक्यावरचे जीपवाले धावत आले आणि विचारू लागले, कोण गेलं? "दिनेशचा बाप," मंगळूने सांगितलं. ते टोप्या काढून उभे राहिले. वीज येईपर्यंत त्या माणसाचा दुखवटा दुसऱ्यांदा पार पडला, आणि पुंजारामने सगळ्यांना चहा पाजला. एरवी तो गिऱ्हाइकाला पाणीही विचारत नसे.

वीज आली. भाग्यश्रीने कपाळाआधीपर्यंतचं सगळं जपून ठेवलं होतं. तिने उरलेलं जोडलं, कडा मिसळल्या, दोन्ही गाल सारखे केले, कोट चढवला. चेहरा पुरा झाला.

मंगलाबाईने पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"ह्यो कोन सायेब?" मंगलाबाई म्हणाली.

खरंच तो कुणी साहेब होता. एकेक अवयव घरातला, पण माणूस बाहेरचा. भाग्यश्रीचा चेहरा पडला. ते बघून पुंजारामला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. ते 'फक्त' आता पोरीच्या वाट्याला येणार हे त्याला दिसलं. तो पुढे झाला आणि पंचवीस वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला.

"मंगलाबाई, तुम्ही घरात शिरलात की ते कसे बघायचे?"

"बघतो कशाला?" मंगलाबाई फणकारली. "चोरून बिडी पियाचा. मी आले का बिडी पाठीमागं, अन् धूर तोंडात धरून बसायचा. इचारलं तर नुसता मान हालवायचा."

मंगळूने लगेच करून दाखवलं. तसं नाय, म्हणत दिनेशने केलं. बघता बघता सगळ्या दुकानात गाल फुगवून, ओठ आवळून, एक डोळा बारीक करून माणसं उभी राहिली. रुसलेला मेहुणाही जीपमधून उतरून आला, आणि त्याचंच सगळ्यांत बेस्ट जमलं. पुंजाराम एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन निरखत होता. मग त्याने भाग्यश्रीच्या खुर्चीमागे उभं राहून सांगायला सुरुवात केली. डावा गाल वर घे. दोन्ही सारखे नको, माणूस सारखा नसतो. डावा डोळा बारीक. ओठ आवळ अजून. कोट काढ तो.

"कोट?" भाग्यश्रीने विचारलं.

"काढ. बिडी लपवणारा माणूस कोट घालत नाही."

भाग्यश्रीने कोट काढला आणि तिचा हात थांबला. पडद्याकडे बघत मंगलाबाई एकदम उठली, कमरेवर हात ठेवले आणि गरजली, "सोड! सोड तो धूर आधी! मेला तरी बिडी सुटंना व्हय रं तुझी?"

मग ती मटकन खाली बसली, आणि हसतेय की रडतेय ते कुणालाच कळेना. चौदांतला एकही जण 'फक्त' म्हणाला नाही. पुंजारामने भाग्यश्रीकडे पाहिलं, पण त्याला तिचं तोंड नीट दिसेना, म्हणून त्याने चष्मा पुसला.

नवीन फोटो घेऊन जीप गेली. जुना मंगळूने मागून घेतला. "माझ्या टायमाला आयता तयार राहील," तो म्हणाला. हार मात्र त्याने काढून ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पुंजारामने टॉवेल घडी करून खणात ठेवला आणि भाग्यश्रीला म्हणाला, "आत्याला बोलाव." पुढचं काही सांगावं लागलं नाही. भाग्यश्रीने कॅमेरा आधीच आणून ठेवला होता.

कुसाबाई पहाटेचा बाजार उरकून मेथीच्या दोन उरलेल्या जुड्या हातात घेऊनच आली. खुर्चीत बसली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इतक्या वर्षांनी वेळ झाला व्हय?"

"नाक सांग," पुंजाराम म्हणाला. त्याचा आवाज चोरासारखा येत होता.

"नाक माझं. हनुवटी माझी. कपाळ हिचं," तिने भाग्यश्रीकडे बोट केलं. "अन् डोळे तुझे."

"माझे?"

"मग कुणाचे? जल्मल्यापासून आयेचे डोळे घेऊन हिंडतो. तुला कुणी सांगितलं नाय?"

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आरशात दाढी करताना तो ज्यांत बघत होता ते आईचे डोळे होते, आणि आईचा चेहरा आठवत नाही म्हणून त्याने खिळा रिकामा ठेवला होता. भाग्यश्रीने त्याचा चष्मा काढून घेतला, त्याला भिंतीशी उभं केलं आणि फोटो काढला. त्या फोटोत तो अगदी मतदार ओळखपत्रातल्यासारखा घाबरलेला दिसत होता. पुंजारामने तिच्याजवळ बसून, पहिल्यांदाच माऊस हातात धरून, ती भीती स्वतः पुसली.

मग केस आले, डोक्यावरचा पदर आला, कुंकू आलं. कपाळाला एक आठी आली, कारण कुसाबाई म्हणाली, आये कुणावर तरी कायम चिडलेलीच असायची. पुंजारामने डोळ्यांच्या कडा थोड्या मऊ केल्या आणि हात मागे घेतला. आता तो 'फक्त' ऐकायला तयार झाला. मनातल्या मनात त्याने नाकापासून सुरुवातही केली.

कुसाबाई पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या हातातल्या मेथीच्या जुड्या मांडीवर पडल्या. साठीला टेकलेली ती बाई एकदम दहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात बोलली, आणि ती भावाशी बोलत नव्हती.

"आये, ह्यो पुंज्या डबा तसाच ठेवतो गं. चार वाजेस्तोवर हात लावत नाय. मी सांगून दमले. आता तूच सांग."

पडद्यावरची आठी पुंजारामकडेच बघत होती. त्याने टेबलाखालचा डबा ओढला, झाकण काढलं आणि मुकाट्याने जेवायला बसला. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.