दुबईच्या फ्लॅटवर आईचं नाव

"दोघींच्या नावावर घर, आणि पैसे इथून जाणार? असं होत नाही," बँकेतले परकीय चलनाचं काम बघणारे अधिकारी म्हणाले आणि त्यांनी आमची फाइल परत माझ्याकडे सरकवली.

माझ्या शेजारी शालिनीताई बसल्या होत्या. नेर तालुक्यात त्यांची सगळी नोकरी सरकारी नर्स म्हणून झाली. आता निवृत्त. त्यांची मुलगी सुजाता दुबईच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिनं तिथं एका खोलीचा फ्लॅट पसंत केला होता, टोकनही देऊन टाकलं होतं. बरेचसे पैसे तिच्या बचतीचे होते, उरलेले आईच्या निवृत्तीच्या रकमेतून जायचे होते.

मी यवतमाळात सीए आहे. कापसाच्या जिनिंगवाल्यांचं ऑडिट, दुकानदारांचा जीएसटी, हेच रोजचं काम. परदेशातलं घर माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलं.

मी आधी सोपा रस्ता सुचवला होता. आईनं मुलीला पैसे भेट म्हणून पाठवावेत, फ्लॅट मुलीनं एकटीच्या नावावर घ्यावा. कागद कमी, कटकट कमी. पण सुजाता फोनवर म्हणाली, "काका, नेरचं घर आधी बाबांच्या नावावर होतं, आता दादाच्या नावावर आहे. आईच्या नावावर कुठंच काही नाही. या घरावर तिचं नाव पाहिजे."

शालिनीताईंनाच ते पटत नव्हतं. "मले नाव कायले पायजे? तिचं घर, तिचं नाव," असं त्या बँकेच्या पायऱ्या चढेपर्यंत म्हणत होत्या.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. समजुतीच्या सुरात तो त्यांना म्हणाला, "मावशी, तुम्ही काही तिकडं राहणार नाही. मग नावाचा हट्ट कशाला?"

शालिनीताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "साहेब, तुमी तरी दिवसभर घरी कुठं राह्यता? म्हणून काय तुमच्या घरावर दुसऱ्याचं नाव हाय?"

अधिकारी हसले. फाइल मात्र घेतली नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, आता नाव लावाच."

मग मी नियम नीट काढून बसलो. भारतात राहणाऱ्या माणसाला दरवर्षी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे बँकेतून परदेशात पाठवता येतात. या योजनेला एलआरएस म्हणतात. त्या पैशातून तिथं घरही घेता येतं. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकासोबत मिळून घर घ्यायचं असेल तर इथून पैसे जाता कामा नयेत, अशी अट पूर्वी होती. अधिकाऱ्यांच्या डोक्यात तीच होती. नव्या नियमांत ती अट राहिलेली नाही. मी दोन्ही नियम शेजारी शेजारी लावून अर्ज लिहिला. अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर दिसतं. पण मी एकटा ठरवणार नाही. मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पाठवतो." त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मुंबईचं उत्तर येईना. इकडे दुबईतल्या व्यवहाराची मुदत जवळ आली. एक दिवस सुजाताचा फोन आला. आवाज रडवेला.

"काका, इथला फ्लॅटचा एजंट म्हणतो, आईनं नागपूरला त्याच्या माणसाकडे रोख द्यायची. इथं लगेच दिरहम मिळतील. सगळे तसंच करतात म्हणे."

"याला हवाला म्हणतात. गुन्हा आहे. आणि पैसे बुडाले तर तक्रार कोणत्या तोंडानं करशील?"

"टोकन जाईल ना पण!"

शालिनीताई माझ्या ऑफिसातच होत्या. त्यांनी फोन मागून घेतला. "सुजे, लसीच्या कार्डावर लिहिल्याबिगर मी एका लेकराले सुई टोचली नाही. अन् आता बिनकागदाचा पैसा पाठवू? त्या घरमालकाले सरळ सांग, आईचा पैसा बँकेतून येऊन राह्यला, थोडा थांब म्हणा."

घरमालक इजिप्तचे एक वयस्क गृहस्थ होते. सुजातानं एजंटला बाजूला ठेवून थेट त्यांना गाठलं आणि खरं ते सांगितलं. त्यांनी मुदत वाढवून दिली. इतकं सोपं असेल असं आम्हा तिघांनाही वाटलं नव्हतं.

मुंबईचा होकार आला. मग ए-टू फॉर्म भरला, म्हणजे पैसे कशासाठी चालले याचा बँकेला दिलेला खुलासा. बँकेनं टीसीएस कापला तेव्हा शालिनीताई दचकल्या. "हे कायचे घेतले?" हा आगाऊ कर असतो, रिटर्न भरताना तो हिशेबात धरतात, जास्तीचा परत येतो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

राहिली दुबईतल्या कागदांवरची शालिनीताईंची सही. मुखत्यारपत्र करायचं तर नोटरी, मग मुंबई, दिल्ली आणि शेवटी तिकडची वकिलात, इतके शिक्के लागतात. मी यादी सांगायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "यापरीस मी सोताच जाईन." पासपोर्ट काढून ठेवलेला होता, वापरला कधी नव्हता. नागपूरहून त्या विमानात बसल्या, एकट्या.

आठवडाभरानं व्हॉट्सअॅपवर मालकी हक्काच्या कागदाचा फोटो आला. दोन नावं, पहिलं आईचं. पाठोपाठ फोन. "भाऊ, इंग्रजीत हाय अन् अरबीतही हाय. अरबीतलं मले वाचता येत नाही, पण सुजीनं बोट ठेवून दाखवलं."

आता दरवर्षी रिटर्नमध्ये त्यांना ही परदेशातली मालमत्ता दाखवावी लागते. लपवली तर दंड जबर आहे. त्या जुलै लागला की स्वतः येतात आणि त्यांचं घर कोणत्या रकान्यात लिहिलं ते बघूनच जातात.

परदेशात घर घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. टोकन देण्याआधी सीएला फोन करा. नंतर केलात तरी आम्ही फी तेवढीच घेतो, फक्त झोप सगळ्यांची उडते.