आधी भेट

सोमवारी सकाळी शेवंती खोकली.

शेवंती ही घोडी. लग्नात नवरदेव मिरवायची. माझ्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे मालक तिला खरारा करत होते. त्यांचा हात थांबला. रस्ता ओलांडून ते माझ्या पायरीशी आले आणि म्हणाले, “बाई, घोडी खोकली.”

“ठसका लागला असेल,” मी म्हटलं.

“न्हाई,” एवढंच बोलून ते परत गेले.

पुणतांब्यात आणि आसपास ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी या माणसाला पाहिलं असेल. पण अल्बममध्ये शोधायला जाल तर ते सापडणार नाहीत. फोटोत नवरदेव असतो, पांढरी घोडी असते, आणि कडेला लगाम धरलेला एक हात असतो. तो हात त्यांचा.

“आधी भेट, मग काम,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वाटेत दुसरं घोडं दिसलं की ते शेवंतीला थेट त्याच्यापुढे नेत. नाकाला नाक लागे, दोन्ही जनावरं एकमेकांचा श्वास घेत, जराशी फुरफुर होई आणि मगच पुढची वाट. भेट न घालता घोडं पुढे नेलं तर ते दिवसभर मागे मान वळवत राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. त्यांची स्वतःची मान मात्र तशीच होती. ओळखीचं कुणी दिसलं आणि बोलणं झालं नाही, तर ते बराच वेळ मागे बघत राहत.

एकदा मंगल कार्यालयापुढे दोन वराती समोरासमोर आल्या. बँडवाले हटेनात, करवल्या उन्हात ताटकळलेल्या, आणि हे मधोमध घोडी थांबवून भेट घालताहेत. वर बसलेले दोन्ही नवरदेव एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

“अवो, जनावरं बोलत्यात, तुमी बी रामराम करा की!” हे खालून म्हणाले.

मुंडावळ्या सावरत दोघांनी हात जोडले. मागून कुणीतरी ओरडलं, “घोडीवाले, आवरा! नायतर नवऱ्यांचंच लगीन लागंल!”

त्यांची बायको मी इथे राहायला येण्याआधीच गेली होती. माझे यजमान गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दुपारी ओट्यावर बसून वाचू लागले, तेही मोठ्याने. घरात दुसरा आवाज नसला की अशी सवय लागते. शेवंतीचे कान माझ्याकडे वळायचे.

“शाळेत पोरांनी ऐकलं नसंल एवढं ही ऐकती,” ते पायरीवर चहाचा कप घेऊन बसत. “थांबू नका बाई. पुढं काय झालं ते कळू द्या तिला.”

त्या सोमवारी दुपारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या. शेवंतीला ताप होता, नाकातून पाणी गळत होतं. त्यांनी नाकातला नमुना घेतला. घोड्यांचा फ्लू दिसतोय, म्हणाल्या. श्वासातून पसरतो.

“या आठवड्यात कुठल्या घोड्याजवळ गेली होती?”

त्यांनी शेवंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, “गुरुवारच्या लग्नात एक घोडं हुतं. बाजारातनं नवं आनलेलं. शिंकत हुतं. मला वाटलं, धुरळ्यानं.”

“मग?”

“भेट घातली.”

“त्यानंतर?”

“काल राहात्याला गेल्तो. तिथंबी घातली.”

डॉक्टर त्यांना रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लस आहे का, असं घोडीच्या मालकांनी विचारलं. आजारी घोड्याला ती आत्ता देता येत नाही, जे निरोगी आहेत त्यांना देतात, डॉक्टरांनी समजावलं. एक टोचली की काही आठवड्यांनी दुसरी, मग दर वर्षी. इथे आजवर कुणी मागितलीच नव्हती. पुण्याहून मागवावी लागणार होती. तोवर घोडी वेगळी, तिची बादली वेगळी. रोग माणसाच्या हातांवरून, कपड्यांवरूनही जातो.

डॉक्टर गेल्यावर यांनी अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि माझ्या दाराशी आले. “बाई, राहात्याला चला संगं. माझ्या एकट्याच्यानं बोलवायचं न्हाई.”

राहात्याच्या घोडेवाल्याकडे दोन घोडे होते आणि एक गाभण घोडी. हे त्याच्या दारात गेलेच नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले.

“अवो, आत या, च्या घ्या!” तो हसत म्हणाला.

“न्हाई येत. माझ्या घोडीला रोग झालाय. काल तुमच्या घोड्याला भेट घातली ना, त्याला गाभनीपासून लांब बांधा. आजच. बाकीच्यांना लस द्या.”

त्या माणसाचं हसू गेलं. “आता सांगताय व्हय? कुनी सांगितल्या हुत्या भेटी घालायला?”

“कुनी न्हाई,” हे म्हणाले.

बोलायचं सगळं ते स्वतःच बोलले. मी नुसती शेजारी उभी होते. परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर बघत ते एवढंच म्हणाले, “गाभन हाय हो ती.”

राहात्याचा तो घोडा खोकलाच. पण गाभण घोडी दूर बांधली होती, लसही मिळाली. तिला काही झालं नाही. पुढे तिला शिंगरू झालं. फोन आला तेव्हा यांनी दोनदा विचारलं, “खोकत न्हाई ना?” बघायला मात्र गेले नाहीत.

शेवंती सावकाश बरी झाली. धूळ उडू नये म्हणून ते तिचा चारा भिजवून द्यायचे. लगीनसराईत एकही सुपारी घेतली नाही. पुढे तिलाही लस टोचली. त्या वेळी तिच्या डोळ्यांवर तळहात धरून ते म्हणाले, “वाचा, बाई.” हातात पुस्तक नव्हतं. पाठ असलेलं एक स्तोत्र मी म्हटलं. तिचे कान वळले, सुई टोचून झाली. दुसऱ्या सुईनंतर डॉक्टर म्हणाल्या, “आता भीती नाही. चांगल्या घोड्यांमध्ये खुशाल नेत जा.”

“व्हय,” ते म्हणाले. पण नेलं नाही. वरातीत दुसरं घोडं दिसलं की ते तिचं तोंड फिरवायचे. ती खिंकाळायची. “लांबून, शेवंते, लांबून.” स्वतःही माझ्या पायरीवर बसेनासे झाले. चहा घ्यायचे तो रस्त्याच्या कडेला उभ्यानं. कप कठड्यावर ठेवायचे.

“अहो, डॉक्टरांनी सांगितलं ना, आता काही नाही म्हणून,” मी एकदा म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या, बाई.”

या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. श्रीरामपूरला नेताना गाडीत चढण्याआधी ते माझ्या पायरीपर्यंत आले. कितीतरी दिवसांनी. “तिला एकटं ठिवू नका,” म्हणाले. तिथून ते परत आले नाहीत. वैजापूरच्या पुतण्याने गोदावरीच्या घाटावर सगळं केलं. घोडी ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती.

मी राहात्याला फोन केला. सगळं सांगितलं. मग तो घोडेवाला म्हणाला, “उद्या टेम्पो घिऊन येतो.”

मीही सोबत गेले. राहात्याला शेवंतीला उतरवल्यावर तिला दावणीला बांधायच्या आधी त्यानं ते शिंगरू आणलं. चांगलं मोठं झालं होतं.

“दोगांनाबी लस झालीया,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “काय म्हनायचे वो ते?”

“आधी भेट, मग काम.”

त्यानं शिंगराचा दोर सैल सोडला. शेवंती पुढे गेली नाही. सवयीनं तिनं तोंड फिरवलं आणि लगामाशी कोण आहे ते पाहिलं. लगाम माझ्या हातात होता. तेवढ्यात शिंगरूच पुढे आलं आणि त्यानं तिच्या नाकाला नाक लावलं. ती हलली नाही. मग तिनं श्वास घेतला.

शेवंती राहात्यातच आहे. समोरची शेड रिकामी आहे. दुपारी मी ओट्यावर बसून वाचते. मोठ्याने वाचत नाही.