फुकटचं नको

कन्नड मुलखातल्या आनेकलला, दीड खोलीत, आम्ही चौघं मराठी माणसं राहायचो. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, लेथवर कामाला. आई कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर जोडायची. धाकटी शाळेत. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि एक गोष्ट ठरलेली होती: हे वर्ष वाया गेलं, तर आईच्या शेजारच्या मशीनवर बसायचं. आईने सुपरवायझरला विचारूनही ठेवलं होतं.

प्रोजेक्ट रिपोर्टसाठी लॅपटॉप लागणार होता. अण्णा मला घेऊन मारतहळ्ळीच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ऑफिसचं सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो सर, कॉपी आहे."

"कुणाची कॉपी?" अण्णांनी विचारलं. तो नुसता हसला. आम्ही लॅपटॉप रिकामाच आणला. चोरीचं आमच्याकडे चालत नाही.

मग वर्गातल्या मैत्रिणीने दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर दिलं. अण्णांचा पहिला प्रश्न, "किती पडले?"

"काही नाही, अण्णा."

"मग तेही नको. फुकटचं घ्यायला आपण काय रस्त्यावर बसलोय?"

"फुकट नाही हो, मुक्त. जगभरचे लोक मिळून बनवतात. कुणीही वापरायचं, कुणीही दुरुस्त करायचं."

"असं? मग तू काय दुरुस्त केलंस?"

त्याच आठवड्यात मी त्या सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत आणणाऱ्यांत नाव घातलं. पहिल्याच दिवशी पडद्यावरच्या एका सूचनेसाठी मी लिहिलं, "स्वल्प थांबा." पुण्याहून तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: "थांबायचं किती? स्वल्पविरामाएवढं?" आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वल्प म्हणजे थोडं. असं बोलणं कन्नडचं आहे हे मला त्या दिवशी कळलं! मी मुकाट्याने "जरा थांबा" केलं. हळूहळू माझे शब्द पास व्हायला लागले आणि अण्णांनी लॅपटॉपकडे वाकडं बघणं सोडलं.

रिपोर्ट द्यायच्या शेवटच्या दिवशी मी कॉलेजच्या ऑफिसात पेनड्राइव्ह दिला. माझा विषय होता कारखान्यांत जाणाऱ्या बायकांचा बसप्रवास, आणि सगळा जीव तक्त्यांत होता. क्लार्कनी फाइल उघडली आणि कन्नडमध्ये म्हणाले, "एनम्मा," म्हणजे काय गं, "ही तर बिघडलेली दाखवतेय."

"नाही सर, ओडीटी आहे, मुक्त सॉफ्टवेअरची फाइल. तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, म्हणून."

"नियम वाचला नाहीस? आमच्या सॉफ्टवेअरचीच फाइल लागते."

तशी फाइलही मी आणली होती. ती उघडली तर तक्ते सरकलेले, गावांची नावं एका पानावर आणि बसच्या वेळा दुसऱ्या पानावर. क्लार्क हसले. "पुक्कटेचं सॉफ्टवेअर ना? पुक्कटेचं असंच असतं." कन्नडमधलं पुक्कटे म्हणजे आपलं फुकट. मला अण्णाच बोलल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की यावेळी माझ्याकडे उत्तर होतं.

"सर, प्रोग्राम माझ्या पेनड्राइव्हवरच आहे. इन्स्टॉलसुद्धा करायला नको. एकदा उघडा."

त्यांनी उघडला. एकेक तक्ता जागच्या जागी.

"हे वरचे शब्द हिंदी का?"

"मराठी. यातले काही मी लिहिलेत."

"नीना?" म्हणजे, तू? त्यांनी खुर्ची वळवून माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत जाऊन प्रिन्सिपॉल सरांना घेऊन आले.

मी सरांना सरळ सांगितलं, "सर, ही फाइल कशी बनते ते सगळं जाहीर लिहिलेलं आहे. कुठल्याही कंपनीला त्यावरून प्रोग्राम करता येतो. तुमच्या नियमात मात्र एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर बसतं. ते विकत घेणं ज्यांना जमत नाही, त्यांनी चोरीचं वापरायचं का?"

सर क्लार्ककडे वळले. "हा नियम केला कुणी?"

"आपणच, सर."

सर आधी हसले, मग त्यांनी रिपोर्ट छापून घेतला आणि त्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: ओडीटी फाइलही चालेल. आज ती कॉलेजच्या छापील नियमांत आहे.

मी बीकॉम फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.